मोरीच्या पाण्यावरचा दुधी

विळा सुभद्राबाईनंच आणून दिला. वेल तोडायला आलेला रंगराव शिपाई हात हलवत आला होता.

“घ्या. कालच धार लावलीय,” ती म्हणाली. “पर साहेब आल्याबिगर वेलीला हात लावायचा न्हाई.”

रंगराव ओशाळला. विळा मांडीवर घेऊन मोरीच्या कट्ट्यावर टेकला.

पिंपरीच्या औषध कारखान्याची वसाहत नवीकोरी होती. ओळीनं खोल्या, एकसारखी दारं, चुन्यानं पांढऱ्याफेक भिंती. परवा दिल्लीचे पाहुणे ती बघायला यायचे होते. कुणाच्याही भिंतीवर काही दिसता कामा नये, असा हुकूम निघाला होता. आणि सुभद्राबाईच्या खोलीमागं तर हातभर जागेत रान उतरलं होतं. फुटक्या घमेल्यात कोथिंबीर. डालड्याच्या डब्यांत मिरच्या. गळक्या बादलीत वांग्याचं रोप. मोरीच्या पाण्यावर दुधीची वेल, भिंत चढून थेट छपरापर्यंत गेलेली. वेलीला एकच दुधी. बाकीच्या कळ्या गळून गेल्या होत्या.

बी सासूच्या हातचं होतं. जिथं आता कारखाना होता, तिथंच त्यांचं रान होतं. रान गेलं, त्याच्या बदल्यात नवऱ्याला, सयाजीला, कारखान्यात काम लागलं. सुभद्राबाईनं येताना बी तेवढं राखेत घालून आणलं. त्यातलं बरंचसं उंदरांनी खाल्लं. पाच बिया उरल्या. चार रुजल्या नाहीत. पाचवीची ही वेल. दुधी मनगटाएवढा झाला होता, अंगावरची लव अजून गेली नव्हती. तो वेलीवरच जून होऊन वाळला, तर दिवाळीनंतर बी मिळणार. आज वेल तुटली, तर सासूचा दुधी जगातून गेला.

“सुभद्राबाई, साहेबांशी वाद घालू नका हो,” शेजारच्या शालनबाईनं मधल्या भिंतीवरून मान काढली. “सयाजीरावांची नोकरी आहे. दुधी काय, बाजारात ढिगानं मिळतो.”

“बाजारात सासूबी मिळंल एखादी. बघता का?”

शालनबाई हसली, आणि बुटांचा आवाज आला तशी मान आत ओढून घेतली.

वसाहतीचे अधिकारी नानासाहेब आले. कडक इस्त्रीची पॅन्ट, खिशाला पेन, बोलणं पुणेरी आणि मोजकं.

“बाई, नियम सगळ्यांना सारखा आहे. आज तुमची वेल राहिली, तर उद्या प्रत्येक भिंतीवर वेल चढेल.”

“चढू द्या की. भाजी घरची हुईल.”

“मी इथं चर्चा करायला आलेलो नाही. रंगराव, घ्या तोडायला.”

रंगराव उठला. सुभद्राबाईनं त्याच्या हातातून विळा काढून घेतला. पदर खोचला. ती रडली नाही, हात जोडले नाहीत.

“परक्याचा हात नको तिला. मी लावली, मीच तोडते. पर एक करा, साहेब. त्या वरच्या दुधीकडं बघा. बोट करून सांगा, ‘ह्यो तोड.’ मग मागं बघायची न्हाई.”

“त्यात काय आहे?” नानासाहेब म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. पानांच्या आड दुधी लोंबत होता, हिरवा, नुकत्या न्हाऊ घातलेल्या पोरासारखा. त्यांनी हात उचलला. बोट पुढं केलं, आणि ते मधेच मुडपलं. नानासाहेबांनी दुधी दाखवला तो मुडपलेल्या बोटाच्या पेरानं.

रंगरावाला त्यात काही दिसलं नाही. सुभद्राबाईचा विळा मात्र खाली आला. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की फळ सडतं, म्हणून मळ्यातलं माणूस बोट मुडपून दाखवतं. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. लहानपणी वेलीखाली आईनं हातावर चापट मारलेली असते, तेव्हा ते अंगात भिनतं.

नानासाहेबांनी आपल्याच हाताकडं पाहिलं. दुसऱ्या कुणाचं असावं तसं ते बोट त्यांनी हळूच मुठीत घेतलं.

“कुठलं गाव म्हनायचं तुमचं?” सुभद्राबाईनं विचारलं. आवाज आता पाहुण्याला पाणी देतानाचा होता.

“मुळशीकडचं.” ते थांबले. “धरणात गेलं. मी सात वर्षांचा होतो.”

“आन् बी?”

नानासाहेबांनी नकारार्थी मान हलवली. वर वाऱ्यानं दुधी हलत होता, तिकडं त्यांनी पाहिलं.

“रंगराव,” मग ते म्हणाले, आणि पुणेरी बोलणं त्यांच्या तोंडातून कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही, “पळ, सुतळी आण. वाऱ्यानं देठ तुटंल त्याचा.”