वाट्याचं पाणी

“एवढंच?” बाबांनी पेला खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

“सगळ्यांना एवढंच,” लेक म्हणाली.

पेल्यावर तिने नेलपॉलिशची रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेच्या वर जात नव्हतं. तिने स्वतःचा पेला भरला, नवऱ्याचा भरला आणि पंपाचं बटण बंद केलं. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला.

छोट्या ट्रकच्या पाठीवर बसवलेली ती खोली होती. दोन बाकं, एक शेगडी, वर झोपायचा माळा, बाकाखाली पाण्याची टाकी. टाकीत पाणी किती, ते दाखवणारे चार दिवे भिंतीवर होते. त्यातला सगळ्यात खालचा, लाल, तेवढा पेटलेला.

“निघताना काठोकाठ भरली होती ना?” बाबांनी विचारलं.

“सांधा गळत असेल कुठेतरी,” जावई म्हणाला. तो वायरमन होता आणि मोजकंच बोलायचा. “पठार उतरलं की बघतो.”

बाबांचा उभा जन्म मालाचे ट्रक चालवण्यात गेला होता. हे पठार त्यांनी कितीदा ओलांडलं, त्याची गणतीच नव्हती. स्टिअरिंग सुटल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, तो रस्ता मला एकदा परत दाखवा. आता रस्ता समोर होता. झाड नाही, घर नाही, नुसता थंड, कोरडा वारा. त्या वाऱ्याने तिघांचेही ओठ फुटले होते.

दुपारच्या आधी एक पेट्रोल पंप लागला. भिंतीला नळ होता आणि त्याच्याखाली ओल होती. जावयाचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

“थांबू नकोस,” लेक म्हणाली.

“अगं, नळ आहे,” बाबा म्हणाले.

“मचूळ असेल. पोट बिघडेल तुमचं.”

“जन्मभर तेच प्यायलो मी.”

“तेव्हाचं पोट वेगळं होतं, बाबा. चल रे, पुढे घे.”

बाबा मान वळवून नळाकडे बघत राहिले, पार दिसेनासा होईपर्यंत.

जेवायला गाडी थांबवली. बाबा आत बसले होते. जावयाने बायकोला चाकाच्या आडोशाला घेतलं.

“त्यांचं तोंड बघवत नाही मला.”

“मग बघू नकोस.”

“अर्धा पेला जास्त दे गं. कुणाला कळतंय?”

“मला कळेल.”

“आणि हे असं किती दिवस चालणार?”

“जमेल तितके,” ती म्हणाली आणि बाहीने डोळे पुसले. “वाऱ्याने नुसती धूळ जाते डोळ्यांत.”

ती आत शिरली तेव्हा पंप घुरघुरत होता. बाबांचा एक हात बटणावर होता, दुसऱ्यात पेला. पेला रिकामा होता.

“बाबा!”

त्यांनी बटण बंद केलं. “हात धुवायचे होते.”

“ओल्या कागदाने पुसा.” तिने पेला काढून घेतला.

“पोटच्या पोरीने पाण्याला महाग केलं म्हणायचं,” बाबा हसत म्हणाले.

दिवस कलायला लागला तेव्हा रस्त्याच्या कडेला एक मालट्रक उभा दिसला. त्याचं बॉनेट उघडं होतं आणि आतून वाफ निघत होती. ट्रकवाला हात हलवत धावत आला. इंजिनाची नळी फाटली होती, सगळं पाणी रस्त्यावर सांडलं होतं.

“ताई, कॅनभर पाणी मिळेल का? मघापासून एक गाडी गेली नाही इथून.”

जावई बायकोकडे बघायला लागला.

“दे त्याला,” पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले. “माझा उद्याचा वाटा दे. रस्त्यावर अडलेल्याला नाही म्हणायचं नसतं.”

जावई चिकटपट्टी घेऊन नळी बांधायला गेला. लेक ट्रकवाल्याला गाडीच्या मागे घेऊन गेली. तिथे टाकीची तोटी होती. तिने ती उघडली. पाणी असं जोरात आलं की कॅन हातातून निसटता निसटता राहिला. कॅन भरला, तरी धार तशीच होती.

ट्रकवाला बघतच राहिला. “बाबा तर उद्याचा वाटा द्या म्हणाले. मला वाटलं, पाणी संपत आलंय.”

“हळू बोला.” तिने तोटी बंद केली. “टाकी भरलेली आहे. लाल दिवा माझ्या नवऱ्याने मुद्दाम तसा जोडलाय. बाबांचं हृदय थकलंय, पाणी अंगात साठतं, फुप्फुसात चढतं. डॉक्टरांनी माप ठरवून दिलंय. घरी ऐकायचे नाहीत, न्हाणीघरात जाऊन चोरून प्यायचे. दोनदा मरता मरता वाचले. पण गाडीत पाणी कमी असलं की दुसऱ्याच्या वाट्याला हात लावत नाहीत, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे.”

“आणि तुम्ही दोघं?”

“आम्हीही रेघेपुरतंच पितो. नाहीतर त्यांना खरं कसं वाटेल?”

ट्रकवाला कॅन उचलून निघाला. पुढच्या खिडकीपाशी त्याला राहवलं नाही. “बाबा, तुमच्या वाट्याचं घेतलं मी,” तो खाली बघत म्हणाला.

बाबांनी आरशात पाहिलं. लेक अजून मागेच होती.

“टाकी भरलेली आहे ना?” त्यांनी हळूच विचारलं.

ट्रकवाल्याने कॅन खाली ठेवला.

“अरे, भरल्या टाकीची गाडी वळणावर मागून कशी ढकलते, ते मला कळणार नाही होय? पहिल्याच घाटात कळलं.”

“मग ताईंना तसं सांगत का नाही?”

“तूही सांगू नकोस,” बाबा म्हणाले. “घरी मी एकटाच तहानलेला असायचो.”