सुरभीचं मलम

रक्तातल्या साखरेमुळे कडाव गावच्या पोपट भोईरांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नव्हती. अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांची मुलगी सुरभी प्रयोगशाळेत अशा जखमांवरच्याच मलमावर काम करत होती. त्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण होते. ते शरीरातल्या एन्झाइमसारखं काम करून जखमेतले जंतू मारायचे. त्या मलमाची एक डबी तिच्या पर्समध्ये होती.

"उंदरांच्या जखमा भरल्या ना गं? मग मला लाव की."

"बाबा, माणसाला अजून कोणालाच लावलेलं नाय. लोखंड रक्तात उतरलं तर काय होईल, मलाच ठाऊक नाय."

दोन दिवस ती डबी उघडत होती आणि पुन्हा बंद करत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अंगठा कापला. आपण बाबांना जपलं की त्यांचा अंगठा घालवला, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

पाच वर्षांनी माणसांवरच्या चाचण्या पार पडल्या आणि पेपरात सुरभीचा फोटो आला. बाबांना काय वाटलं असेल, या विचारातच ती गावी आली. ते डेअरीवर दूध घालायला गेले होते. ती तिथे पोचली तेव्हा पेपर सगळ्यांच्या हातांतून फिरत होता.

"पोपटदादा, घरात औषध असून तुमचा अंगठा कसा गेला?" कोणीतरी विचारलं.

सुरभी दारातच थांबली.

"तवा ते औषध नव्हतं," पोपट म्हणाले. "औषध व्हायला पाच वर्सं लागली तिला."