देखणं बियाणं

“अहो दत्तोबा, आपण बटाटे लावलेत की पुरलेत?” सोसायटीचे चेअरमन श्रीनिवासराव कुंपणाशी उभे राहून विचारत होते.

दत्तोबा पाणी घालत राहिले. धायरीतली ही इमारत त्यांच्याच रानात उभी होती. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते राहात, आणि कुंपणालगतची खाटेएवढी माती तेवढी अजून कसत. संक्रांतीपर्यंत तिथं काही उगवलं नाही तर सिमेंटचे ब्लॉक बसवून स्कूटर लावायच्या, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं.

माती काही वांझ नव्हती. मागल्या साली वॉचमन तिथं काठी रोवून जत्रेला गेला, तो परत येईपर्यंत काठीला पालवी फुटली होती. खोटं वाटत असेल तर उपटून गेटपाशी लावलेली ती काठी अजून आहे. सावलीही बरी पडते.

बियाणं दत्तोबांनी बाजारातून स्वतः निवडलं होतं. दुकानदारानं गुरांसाठी बाजूला टाकलेले, सुरकुतलेले, कोंब फुटलेले बटाटे घ्या, असं त्यांच्या बायकोचं, तुळजाबाईंचं म्हणणं. ते त्यांनी मनावर घेतलं नाही. एवढीशी माती, तिला बियाणं तरी देखणं हवं. सगळ्यात मोठे, गुळगुळीत, एकही डाग नसलेले बटाटे त्यांनी पोरीला स्थळ बघावं तसे निवडले आणि राख चोळून अख्खेच लावले.

संक्रांत झाली. ब्लॉकवाले आले. दत्तोबांनी खुरप्यानं बटाटे उकरून काढले. मूळ नाही, कोंब नाही. लावले तसेच, उलट माती पुसल्यावर जास्तच चकचकीत.

श्रीनिवासरावांनी एक हातात घेऊन फिरवला. कोल्ड स्टोरेजमध्ये यांना औषधाची धुरी देतात, कोंब येऊ नये म्हणून, असं ते म्हणाले. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

दत्तोबांनी तो बटाटा परत घेतला आणि नखानं खरवडून बघितला.

“मंग ह्ये जित्तं हाय का मेल्यालं?”

“खायला चांगलं आहे,” श्रीनिवासराव म्हणाले.

तुळजाबाईंनी बटाटे पदरात भरले आणि त्या जिना चढून वर गेल्या. ब्लॉकवाले दोन्ही बाजूंनी काम करत आत आले. दत्तोबा उभे होते तेवढीच माती राहिली.

“बाबा, पाय,” मिस्त्री म्हणाला.

दत्तोबांनी एक पाय उचलला. मिस्त्रीनं खाली ब्लॉक बसवला, दोनदा ठोकला. मग त्यानं सांगायची वाट न बघता दत्तोबांनी दुसरा उचलला.