पक्कं नाक

अमृतच्या डोळ्यांवर फडकं बांधलं होतं आणि नबीलालचाचा त्याच्या नाकासमोर केमिकलमध्ये बुडवलेली चिंधी हलवत होता. नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात वॉशिंगवाल्यांची ही जुनी रीत. लोखंडी पार्टवरचं ऑइल त्या केमिकलनं धुवायचं. नव्या माणसाचं सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, तो बायकोला सांगतो की ही नोकरी सोडतो. मग हळूहळू वास येईनासा होतो. नाक पक्कं झालं, की सगळ्यांना भेळ!

“येतोय का?” चाचानं विचारलं.

“कायबी न्हाई.”

कँटीनमध्ये टाळ्या पडल्या. कामगारांच्या तपासणीला आलेल्या डॉक्टर अश्विनी आपलं सामान आवरत होत्या. त्या थांबल्या. हा प्रकार त्यांनी कुठंच पाहिला नव्हता.

“आणि घरी गेल्यावर? फोडणीचा, फुलांचा वास येतो?”

हा प्रश्न आजवर कुणाला पडलाच नव्हता.

“माझं नाक तर कवाच पक्कं झालं,” चाचा हसला. “पर मॅडम, घरचा वास कुठं जातोय?”

“जाऊ शकतो. काही जणांचा आधी वास जातो आणि मग कधीतरी हात थरथरायला लागतात. म्हणून विचारलं.”

चाचाच्या हातातली चिंधी मघापासून थरथरत होती. वयाचं असेल, असं तो म्हणायचा. सांडू नये म्हणून घरी त्याची बायको शकिला त्याला अर्धाच कप चहा द्यायची. आता भेळेकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

अमृतनं डोळ्यांवरचं फडकं सोडलं. चाचानं ते त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधलं. भीती वाटत होतीच, पण कळल्याशिवाय त्याला आता चैन पडणार नव्हतं.

“बघा मॅडम. काय बी नाकापुढं धरा, नाव सांगतो.”

अश्विनींनी भेळेसाठी आणलेलं लिंबू कापलं आणि फोड जरा दाबली. पलीकडं उभ्या अमृतच्या तोंडाला पाणी सुटलं. फोड चाचाच्या मिशीला टेकायचीच काय ती बाकी होती.

चाचानं छाती भरून श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

“हं,” तो उत्सुकतेनं म्हणाला, “धरा की आता.”