मध्ये बोलायचं नाही

शहापूरच्या ट्रेनिंगमध्ये कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटी मुलगी होती. घाबरलेल्या मुलांची चौकशी कशी करायची, ते आम्हा पोलिसांना तिच्यावर शिकवत होते. मी विचारलं, “काकाने मारलं ना?” तिने नुसती मान डोलावली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “हवालदार, उत्तर तुम्हीच देताय. ‘काय झालं’ विचारा आणि ऐका. मध्ये बोलायचं नाही.” बायको जाऊन चार महिने झाले होते. मुरबाडला घरी माझ्या पौर्णिमालाही मी रोज असंच विचारायचो, “बरी आहेस ना?” तीही मान डोलवायची. त्या संध्याकाळी तिच्यासमोर बसलो. “पोरी, आई गेली तेव्हा काय झालं?” ती माझ्या मोबाइलकडे बघत राहिली. “आईला साप चावला. मी तुमाला फोन लावला. तुमी कट केला.” ‘बंदोबस्तात होतो,’ हे ओठांवर आलं. ते गिळलं. “मग काय झालं?” “परत लावला,” ती म्हणाली.