चौथ्या नंबरची कयाक

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शिडाच्या छोट्या होड्यांच्या निवडचाचणीत आघाडीवरच्या मुलीची कयाक एका कुशीवर कलली. वारा अचानक वाढला होता आणि शिडाची दोरी सैल सोडता येत नव्हती. पोरगी घाबरून सोडेल म्हणून प्रशिक्षक बापानेच दोरी कयाकला पक्की बांधली होती. तिने सुरी काढली. मोटरबोटीतून बाप ओरडला, “खबरदार! गेल्या वर्षीसारखी शेपूट घालू नकोस. तिघांनाच घेणार आहेत संघात!” “आणि बुडालेलीला कोण घेणार, बाबा?” तिने दोरी कापली. शीड नुसतं फडफडलं, कयाक सरळ झाली. शीड उतरवून तिने वल्हं उचललं तोवर मागचे तिघे पुढे निघून गेले. “झालं समाधान? चढ आता बोटीत.” “तुम्ही बाजूला व्हा, तुमच्या लाटा लागतायत.” साडेचारला ती चौथी होती, वल्हवत होती, आणि पुढच्या तिघांपैकी एकाचं शीड पाण्याला टेकलं होतं.