मास्तरांची रदबदली

"बसा मास्तर, आतून बोलावतील," कारकुनानं बाकाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा फोनला कान लावला.

मास्तर बाकाच्या कडेला टेकले. घाईत गळ्यातली मापाची फीत तशीच राहिली होती. ती गुंडाळून त्यांनी खिशात घातली. खिडकीशी पोर उभी होती. खाली कुणीतरी ओरडून ओरडून ट्रक मागे घ्यायला लावत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली. घाबरू नकोस, बोलतो मी. ती नखं कुरतडत राहिली.

नकार कळल्यापासून मास्तरांना घास गोड लागत नव्हता. निघताना बायकोनं कॉलर सारखी करत बजावलं होतं, "आवाज चढवू नका. गरज आपली आहे. जरा तोंडात साखर ठेवा."

"साखरेला मुंग्या लागतात," मास्तर म्हणाले होते.

"लागू देत. मुंग्या चावल्या तरी हसत राहा."

ते आठवून आताही त्यांना हसू आलं. तेवढ्यात आतून हाक आली.

लांबलचक टेबल. पलीकडे मधोमध बाई, त्यांच्या शेजारी चष्मेवाले गृहस्थ. बाईंसमोर फायलींचा ढीग, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ठेवलेला चहाचा रिकामा कप.

"निर्णय कळवला होता तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"कळवलात, म्हणूनच आलो. एकदा फेरविचार व्हावा."

"मास्तर, 'हो' एकालाच म्हणता येतं. आणि आमच्यासमोर मोठी मोठी नावं आहेत."

"असणारच. मखमल दिसायला छानच असते, बाई. पण घाम टिपायला सूतच लागतं."

चष्मेवाले हसले. बाई हसल्या नाहीत.

मास्तरांनी पिशवीतून कोट काढला आणि लेकरू निजवावं तसा टेबलावर पसरला. पोरीनं प्रवेशपरीक्षेत शिवलेला. "ही बाही बघा. उतारावरून पाणी यावं तशी उतरलीय. कुठं अडखळली नाही, कुठं फुगली नाही."

बाईंनी कोट उचलला. अस्तर उलटून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हे तिचं? कुणाचा हात नाही लागला?"

"मी समोरच बसलो होतो. सुईसुद्धा ओवून दिली नाही."

"तीन वर्षं निभतील?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "मधेच गाडं अडलं तर?"

"मी आहे तोवर अडायचं नाही. पण व्हायचं तर यंदाच. ही एक जागा हातची गेली, तर पुढच्या वर्षी वर्गाचं दारच उघडायचं नाही." मास्तरांनी दोन्ही तळवे पुढे केले. "आयुष्यभर या हातांत जे साठलं, ते ओतायला ओंजळ हवी हो. मला ही एकच दिसतेय."

बाई कोटाच्या खिशावरून बोट फिरवत होत्या, जणू आत काही राहिलंय का ते बघत.

"तिलाच बोलवा," चष्मेवाले शेवटी म्हणाले. "ठरवतोय आपण, पण शिकायचंय तिला."

पोर आत आली. मास्तरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी ती तिच्यासाठी थोडी मागे ओढली. पण ती बसली नाही. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि मागून बाईंच्या गळ्यात तिनं दोन्ही हात टाकले.

"आई, चालून आलेल्या स्थळाला नाही म्हणू नये, असं तूच ताईला सांगत होतीस ना?" चष्मेवाल्या बाबांकडे बघत ती बाईंच्या कानाशी म्हणाली. "इथं तर सरांच्या पायांनी अख्खं कॉलेज आपल्या ऑफिसच्या दारात चालून आलंय. घेऊया ना आपला नकार मागे?"